पिको काकूच्या अकरा पानी आपत्ती

पिको काकूच्या दुकानासमोर कुणी बाई उभी राहिलेली काकूला खपत नसे. गिऱ्हाईक असो की नुसती रस्त्यानं जाणारी, हातात जड पिशवी आणि चेहऱ्यावर घाम दिसला की मशीनचं चाक थांबायचं आणि आतून हाक यायची, "उभी कावून हायेस व? बस न." बाई निमूट बसायची. काकूच्या सांगण्यात विनंती नसायचीच. घरच्या मोठ्या बाईनं दटावावं तसं ते असायचं. एकदा पत्ता विचारायला आलेल्या बँकेच्या एका मॅडमना तिनं असंच बसवलं आणि त्या पाऊण तास बसल्या. पत्ता मागच्याच गल्लीतला होता.

बसायचं ते ओट्यावर. भिलाईच्या कॅंप-१ मधल्या जुन्या बाजारात काकूचं सहा फूट बाय आठ फुटांचं दुकान होतं. आत एक पायमशीन, एक पिकोचं मशीन, भिंतभर दोऱ्याची रिळं आणि काकू, एवढ्यातच ते भरून जायचं. म्हणून दारासमोरच्या नालीवर तिनं काकांकडून विटा रचून, वर फरशा टाकून ओटा करून घेतला होता. काका म्हणजे तिचे यजमान, पोलादाच्या प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले आणि मिलच्या आवाजानं कानानं अधू. ओट्यावर आठ बायका दाटीवाटीनं मावत. त्या अख्ख्या बाजारात पुरुषांना बसायला चहाच्या टपऱ्या होत्या, पानठेले होते, सायकलवाल्याचं बाकडं होतं. बायकांना बसायला तेवढा एक ओटा होता. ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, कारण मी लहानपणापासून तिथं बसतच आले होते.

तिचं खरं नाव सिंधू. ते रेशनकार्डावर आणि काकांच्या तोंडी. दुकानाच्या पाटीवर 'फॉल, पिको, काज-बटन' एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे छत्तीसगढी, तेलुगू, पंजाबी, सगळ्यांसाठी ती पिको काकू. तिला कुणी अहोजाहो केलं तर ती मागं वळून पाहायची, दुसरं कोण आलंय म्हणून. आम्ही राहायचो सेक्टरच्या क्वार्टरात. बाबा प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. आई नागपूरची, घरात पुस्तकी बोलणारी. पण ओट्यावर टेकली की दोन मिनिटांत ती 'मले-तुले' वर यायची आणि निघताना ते सगळं तिथंच ठेवून घरी परतायची. बाबांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

काकूकडे रंगांची स्वतःची नावं होती. साडी हातात घेऊन, उजेडाकडे धरून ती रीळ शोधायची ते त्या नावांनी. वांग्याच्या देठाचा रंग, शिळ्या वरणाचा रंग, नव्या नवरीच्या नखाचा रंग. आईची एक राखाडी साडी होती, तिला काकू 'चिमणीच्या धुराची' म्हणायची. चिमणी अर्थात प्लांटची. आणि एक केशरी, जी आईनं फार हौसेनं घेतली होती, तिच्याबद्दल काकू म्हणाली, "हा तं स्लॅगचा रंग आहे. संध्याकाळी ओततात न, आभाळ लाल होते, तो." स्लॅग म्हणजे भट्टीतून निघणारा तापलेला मळ. आईचा चेहरा पडला. तरी ती साडी आमच्या घरात पुढं कायम 'स्लॅगची' म्हणूनच ओळखली गेली, आणि मावशीच्या लग्नात आई तीच नेसली.

दुसरं म्हणजे तिची दहा मिनिटं. "काकू, किती वेळ लागेल?" या प्रश्नाला तिचं एकच उत्तर, "धा मिनटं." ही दहा मिनिटं कधी अर्ध्या तासाची असत, कधी दीड तासाची. सुरुवातीला मला वाटायचं तिला घड्याळ कळत नाही. नंतर लक्षात आलं की ओट्यावर बोलणं रंगात आलं असेल तर साडी झाली तरी ती घडी घालून मांडीखाली दाबून ठेवायची आणि मशीन रिकामंच फिरवायची. कुम्हारीहून बसनं येणारी एक बाई होती. तिच्या घराजवळ पिकोची दोन दुकानं होती, तरी ती साडी घेऊन इथं यायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "उहां झटकुन कर देथें." तिकडे फार लवकर करून देतात, ही तिची तक्रार होती.

काकू तुमसरकडची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. बोलायला तिला कुठलीच भाषा अडायची नाही. बाजारातली हिंदी ती फडाफडा बोलायची, छत्तीसगढीत भांडायची, तेलुगूत साडीचे भाव समजून घ्यायची. भानगड वाचण्यात होती. अक्षरं तीच असल्यामुळे लिहिलेली हिंदी म्हणजे जरा बिघडलेली मराठी, अशी तिची पक्की समजूत होती आणि ती कधी डळमळली नाही. नेहरू नगरात मी ज्या कोचिंगला जायचे त्याच्या बोर्डावर लिहिलं होतं, 'यहाँ हर विद्यार्थी पूरी चेष्टा करता है.' काकू एकदा मला सोडायला आली होती, तिनं ते वाचलं आणि आईकडे येऊन तक्रार केली. "कसे मास्तर हायेत व? पोट्टे पूर्ण चेष्टा करतात म्हनून बोर्डावर लिहून राहिले. इचं नाव काढ तिथून." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे आईनं तिला तीनदा समजावलं. काकूनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मंग प्रयत्न लिहावं न."

मी शिकले आणि शहराचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसात जमिनीच्या शाखेत लागले. काम साधं. आलेला कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा, फायलीला लावायचा. तिथं वर्ष-दीड वर्ष झालं असेल तेव्हा कॅंपातल्या त्या जुन्या बाजाराची फाईल आली. पत्र्याची दुकानं पाडायची, रस्ता रुंद करायचा, नाली बंद करायची आणि तिथं दुमजली बाजार बांधायचा. त्यासाठी दुकानांखालची जागा कायद्यानं संपादन करायची. ज्यांच्याकडे पट्टा, म्हणजे जागेचा भाडेकरार होता त्यांना भरपाई आणि नव्या इमारतीत दुकान मिळणार होतं. काकूकडे दुकानाचा पट्टा होता, त्यामुळे दुकानाची मला काळजी नव्हती. पण ओटा कुठल्याच कागदावर नव्हता. नालीवरचा ओटा म्हणजे अतिक्रमण. ते पाडायचं आणि विसरून जायचं.

मोजणीवाले आले तेव्हा मीही बरोबर होते, रजिस्टर धरायला. बाहेरच्या कंपनीचे दोन इंजिनिअर होते, तीन पायांचं यंत्र घेऊन उन्हात उभे. काकूनं पाहिलं मात्र, मशीन थांबलं. "उभे कावून हायेत? बसा." दोघं बसले. तिनं माठातलं पाणी दिलं, चहा मागवला, एकाच्या शर्टाचं बटण लोंबत होतं ते अंगातल्या अंगातच लावून दिलं. आणि तिथंच, त्या ओट्यावर आरामात पाय सोडून बसून, त्यांनी माझ्या रजिस्टरात लिहिलं, 'दुकानासमोर नालीवर चबुतरा, अवैध.' मी काकूकडे पाहू शकले नाही. तिला मात्र त्या दोघांचं कौतुक वाटत होतं. उन्हातान्हात किती फिरतात बिचारे, असं ती दिवसभर सांगत राहिली.

मग नोटीस लागली. औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर डकवली होती, सरकारी हिंदीत. बाकी मजकूर जमिनीच्या नंबरांचा होता, शेवटी एक ओळ होती, 'जिस किसी को इस अधिग्रहण से आपत्ति हो, वह निर्धारित अवधि में लिखित रूप में प्रस्तुत करे.' आता हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे भिलाईत जन्मलेल्या मला ठाऊक. बोलताना बाजारात कुणी हा शब्द वापरत नाही. तिथं 'एतराज' म्हणतात, नाहीतर 'दिक्कत'. काकूनं बोटानं ओळ धरून ती मोठ्यानं वाचली आणि तिला जे कळायचं तेच कळलं. ज्याच्यावर काही आपत्ती असेल त्यानं ती लिहून द्यावी. ती भारावून गेली. "पाह्य," ती ओट्यावरच्या बायकांना म्हणाली, "तुझं काय दुखते, काय खुपते, लिहून दे म्हनते सरकार. चांगले लोक हायेत."

त्या दिवशी तिनं शाळेच्या मुलांची असते तशी एकेरी रेघेची वही आणली. मुदत संपेपर्यंत रोज दुपारी ओट्यावर लेखन चाललं. मी ऑफिसातून जाता-येता पाहायचे, काकू चष्मा लावून वहीत लिहितेय, शेजारी एक बाई हातवारे करून सांगतेय, बाकीच्या ऐकताहेत. मला वाटलं भिशी सुरू केली असेल. जवळ जाऊन विचारावं एवढंही मला सुचलं नाही, याचं नंतर मी स्वतःला पुष्कळ हसून घेतलं.

शेवटच्या दिवशी दुपारी काकू आणि काका माझ्या टेबलासमोर येऊन बसले. काकूनं ठेवणीतली साडी नेसली होती. तिनं अकरा पानं काढली, दोऱ्यानं शिवलेली. डाव्या बाजूला अगदी सारख्या टाक्यांची ओळ होती. "घे," ती म्हणाली, "साहेबाले दे. अजून होत्या, पन दिवस संपले." मी वाचायला लागले. सुरुवात होती, 'मा. साहेब, सा. न. वि. वि. तुमच्या कागदात विचारल्याप्रमाणे इथल्या बायकांच्या आपत्ती लिहून पाठवत आहे.'

आणि खाली खरोखर आपत्तीच होत्या. एकीचे गुडघे गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. एकीचा भाडेकरू पहाटे ढोलक वाजवायचा. एकीची सून माहेरी जाऊन बसली होती आणि चूक सुनेची नाही हे ती घरात कुणाला सांगू शकत नव्हती. एकीला मोठा रस्ता ओलांडायची भीती वाटायची, म्हणून ती दोन वर्षं बहिणीकडे गेली नव्हती. एकीच्या मुलीला वजन कमी म्हणून दोन ठिकाणी नकार आला होता आणि एकीच्या मुलीला जास्त म्हणून. काकूनं दोघींच्या आपत्ती मुद्दाम खाली-वर लिहिल्या होत्या. सातव्या पानावर एका बाईबद्दल दोनच ओळी होत्या. 'हिनं तेलुगूत सांगितली. मला पूर्ण समजली नाही. पण मोठी आहे.'

मी आतून हलले आणि त्याच वेळी मला हसूही आवरेना. काकूला तिथंच थांबवून सांगायला हवं होतं की बाई, अर्थ चुकला, वकिलाकडून दोन ओळी लिहून आण. नाही सांगितलं. ती अकरा पानं परत करायला माझा हात धजला नाही. मी शिक्का मारला आणि पोच दिली. आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, पानं चाळली, पुन्हा चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. "एमा आपत्ति कहाँ हे?" म्हणजे यात हरकत कुठं आहे? मी म्हटलं, "सबो आपत्तिच तो हे, बड़े बाबू." त्यांनी शिक्क्यावरची तारीख तपासली. शेवटी नियम आठवून म्हणाले की कागद मुदतीत आलाय, म्हणजे सुनावणी द्यावीच लागेल.

सुनावणी एका सभागृहात होती. जमिनीचे मोठे साहेब समोर बसले होते, शेजारी टेबलावर नव्या बाजाराचा नकाशा पसरून बसलेला इंजिनिअर, बाजूला मी आणि फायली. बाजारातले सगळे दुकानदार आले होते. त्यांनी मिळून एक वकील केला होता आणि वकिलानं सगळ्यांसाठी एकच हरकत लिहून तिच्या झेरॉक्स काढल्या होत्या, फक्त नावं बदललेली. पाच-सहा ऐकल्यावर साहेबांनी उरलेल्या एकत्र धरल्या. मग मी काकूची शिवलेली वही पुढं केली. साहेब बिलासपूरकडचे, मराठी येत नव्हतं. म्हणाले, पढ़के सुनाइए. मी उभी राहून एकेक ओळ हिंदीत करून वाचायला लागले. गुडघ्यांना लोक हसले. ढोलकवाल्याला जास्त हसले. सुनेच्या वेळी हसू कमी झालं. तेलुगू बाईच्या दोन ओळी वाचल्या तेव्हा कुणी हसलं नाही.

साहेब काकूकडे वळून समजुतीनं म्हणाले, "माताजी, आपत्ति का मतलब यह नहीं होता. मतलब यह कि बाज़ार बनाने पर आपको एतराज़ क्या है."

"एतराज?" काकू उभी राहिली. "एतराज तो कुछ नहीं है, साहब. बनाओ न बाजार. छप्पर गलता है, नाली बास मारती है. बनानाच चाहिए."

वकिलाच्या हातातलं पेन थांबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी "काकू, बसा, बसा" म्हणालं. सगळ्या बाजाराची मिळून एक हरकत आणि त्यात ही एकटी म्हणतेय बांधा. काकांना काही ऐकू आलं नव्हतं, ते समाधानानं मान हलवत होते.

"फिर ये ग्यारह पन्ने क्यों लिखे?" साहेबांनी विचारलं.

"आपने पूछा न." काकूला या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं होतं. "दीवार पे कागज लगाया, जिसको आपत्ती है वो लिख के दो. इत्ते सालों में पहली बार किसी ने पूछा. तो बायका बोली, मैंने लिख दिया."

काकू पुढं म्हणाली, "और साहब, ये सब जिधर बैठके बोला न, वो ओटा तुम्हारे नक्शे में नहीं है. नया बाजार अच्छा है, मैंने देखा. पर उसमें बाई लोग बैठेंगे किधर?"

साहेबांनी नकाशा ओढून घेतला. दुमजली इमारत, वाहनतळ, फुलझाडांच्या कुंड्यांसाठीसुद्धा जागा होती. बसायला जागा नव्हती. इंजिनिअर म्हणाला की तळमजला सगळा दुकानांत वाटला गेलाय. जागा निघू शकते ती फक्त कोपऱ्यावर, आणि तिथं क्रमांक एक्केचाळीस आहे. मी यादी पाहिली. एक्केचाळीस म्हणजे काकूचं दुकान. साहेबांनी तिला सरळ सांगितलं की नियमात दोन्ही बसत नाही. "या तो आपकी दुकान नीचे रहेगी, या वहाँ चबूतरा बनेगा और दुकान ऊपर जाएगी. आप सोच लीजिए."

खाली दुकान म्हणजे रोजची वर्दळ. वर दुकान म्हणजे बावीस पायऱ्या, आणि काकूची निम्मी गिऱ्हाइकं गुडघ्यांची. मी टेबलाआडून तिला मान हलवून खुणावत होते, खालचं घे, खालचं घे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिलं केलं. "धा मिनटं द्या," ती साहेबांना मराठीतच म्हणाली आणि खाली बसली. सगळं सभागृह ती दहा मिनिटं थांबलं. वकील थांबला, साहेब थांबले. तिच्या आयुष्यातली तेवढीच दहा मिनिटं घड्याळाबरहुकूम झाली असतील. मग ती उठली आणि म्हणाली, "ओटा."

काकांनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हनते?"

"ओटा म्हनते," काकू त्यांच्या कानाशी ओरडली.

"मंग बराबर आहे," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. अगदी मनापासून चिडले, कारण तिचं नुकसान मला कागदावर स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "काकू, वर कोण चढून येणारे तुझ्याकडे?" ती चपला शोधत होती. "कोनी नाही चढलं तं मी उतरीन न खाली. माहे गुडघे अजून चांगले हायेत." मग जरा थांबून म्हणाली, "आपत्तीचा अर्थ वेगळा होता, तुले माहीत होतं न?" मी होय म्हटलं. "मंग सांगाचं नाही का मले? एवढ्या लोकांत माही शोभा झाली." तिला खरंच लाज वाटत होती. एवढं मोठं काम तिच्या हातून झालं आणि घरी जाताना तिच्या मनात राहिलं ते एवढंच, की आपण शब्द चुकलो. आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलली.

पाडायच्या दिवशी जेसीबी आला तेव्हा बाकीच्यांनी शटर आणि फळ्यासुद्धा काढून नेल्या होत्या. काकूचं मशीन मात्र सुरू होतं. एका लग्नाच्या साडीचा पदर सुईखाली होता. तिनं जेसीबीवाल्याला हात करून सांगितलं, "धा मिनटं." मिशावाला धिप्पाड गडी होता, त्यानं इंजिन बंद केलं आणि येऊन ओट्यावर बसला. शेजारच्या बाईनं त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. पाऊण तासानं साडी झाली, काकूनं दोरा कात्रीनं कापला, मशीन हातगाडीवर चढवलं आणि त्याला म्हणाली, "हं, कर आता तुह्यं काम." त्यानं पहिल्यांदा दुकान पाडलं आणि मग ओटा. पाडताना तो फार सावकाश पाडत होता, असं काकू सांगते. मला तसं काही दिसलं नाही, पण मी मुकाट्यानं मान्य करते.

इमारत व्हायला सांगितलं होतं त्याहून बराच जास्त काळ गेला. त्या काळात काकू घराच्या पडवीत मशीन चालवायची आणि रोज संध्याकाळी काकांबरोबर बांधकाम पाहायला जायची. मिस्त्रीला तिनं एकदा ओट्याची उंची मोडून पुन्हा बांधायला लावली, कारण पाय लोंबत होते. अखेर ओटा झाला तो चांगला पंधरा जणी बसतील असा, गुळगुळीत काळ्या दगडाचा, उठताना धरायला स्टीलचा दांडा असलेला. वर रंगाऱ्यानं सुबक अक्षरांत 'प्रतीक्षा स्थल' लिहिलं. ते कुणीही म्हणत नाही. छत्तीसगढी बायका, तेलुगू बायका, भाजीवाल्या, सगळ्या ओटाच म्हणतात. वाहनतळावरचा चौकीदारसुद्धा लोकांना सांगतो, "ओटा के बाजू में लगाओ गाड़ी."

मागच्या वर्षी, बाजार सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत, माझी बदली जगदलपूरला झाली. जायच्या आधी दोन साड्या घेऊन मी पहिल्यांदाच नव्या बाजारातल्या तिच्या दुकानाकडे निघाले. पिकोचं निमित्त होतं, खरं तर काकूचा निरोप घ्यायचा होता. मागच्या जिन्यानं बावीस पायऱ्या चढून वर गेले तर दुकानाला कुलूप. चालत नाही म्हणून बंद केलं असणार, असंच मनात आलं आणि मी परत खाली उतरून पुढच्या बाजूला आले, तर ओट्याच्या मधोमध काकू बसलेली. मांडीवर साडी, हातात सुई, फॉल लावत होती. दोन्ही बाजूंना बायका, बोलणं जोरात चाललेलं. तिनं मला पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं सरकवलं. मी बसले.

धंद्याची तिनं नवीन घडी बसवली होती. पिको वर आणि फॉल खाली. सकाळी ओट्यावर साड्या गोळा करायच्या, बसून हातानं फॉल लावायचा, दुपारी वर जाऊन मशीनवर पिको मारायचा आणि संध्याकाळी पुन्हा ओट्यावर साड्या वाटायच्या. गुडघेवाल्यांना एकही पायरी चढावी लागत नव्हती. चढ-उतार तिची एकटीची.

मी बदलीचं सांगितलं. तिनं ऐकलं, कुठल्या गाडीनं जाणार, तिथं मराठी माणसं आहेत का, खाण्यापिण्याचं काय, सगळं विचारून घेतलं. मग जो प्रश्न इतके दिवस माझ्या मनात होता तो मी विचारून टाकला. "काकू, खालचं दुकान सोडल्याचं वाईट वाटतं का ग कधी?"

तिनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला. "बाई, तीस वर्ष मी आत बसून ह्याइच्या पाठी पाह्यल्या. रडून राहिली का हासून राहिली, खांद्यावरून समजून घ्याचं. माह्याच ओट्यावर मी कधी बसली नव्हती. आता तोंडं पाहून राहिली."

एवढं बोलून तिनं सुईत नवीन दोरा ओवला आणि सहज माझ्याकडे वळली.

"आता तू कावून रडून राहिली व?"